कळसाखालून गेलेलं विमान

लढाऊ विमानं चालवली म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती उंच नेलंत?" मी चाळीस हजार फूट वगैरे सांगतो. लोक खूश होतात. खरं म्हणजे चाळीस हजार फुटांवर काहीच घडत नाही. खाली ढग, वर निळं आणि पोटात भूक. विमान जागच्या जागी टांगून ठेवल्यासारखं वाटतं. "किती खाली नेलंत?" असं मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. माझ्या नोकरीतली सगळी मस्ती जमिनीपासून पहिल्या तीनशे फुटांतली आहे, आणि जिची अजून लाज वाटते ती एक गोष्टही तिथलीच.

विमान खालून का न्यायचं ते आधी सांगतो. रडारला भिंतीपलीकडचं दिसत नाही. डोंगर आडवा आला, पृथ्वीची गोलाई आडवी आली, की त्याची नजर तिथं संपते. मग जो पाण्याला, जमिनीला चिकटून येतो तो अगदी दाराशी येईपर्यंत कोणाला कळत नाही. युद्धात हे करायचं तर शांततेत त्याचा सराव हवा. आमचा तळ घाटापलीकडे. तिथून उंचावरून समुद्रावर जायचं, लांबवर वळायचं, खाली यायचं आणि रायगडच्या किनाऱ्याकडे तोंड करून सुटायचं. उरणच्या बाजूला फिरकायचीही मनाई होती. तिकडं बंदर, जहाजांची रांग, तेल-वायूचा प्रकल्प. आम्हाला आखून दिलेली वाट बरीच दक्षिणेला होती. वस्ती टाळून, एका ओसाड टेकाडावरून आत शिरायचं आणि घाटाच्या भिंतीला नाक लागायच्या आत वर उठायचं.

त्या वाटेवर सेकंदाला अडीचशे मीटर मागं पडतात. तुम्ही "अरे, होडी" म्हणेपर्यंत होडी गेलेली असते. पाणी पाणी राहत नाही, नुसती निळी-राखाडी सतरंजी कोणीतरी खालून खस्सकन ओढतोय असं वाटतं. मग किनाऱ्याची पांढरी रेघ, वाळू, सुरूची झाडं, खाचरांचे हिरवे चौकोन, सगळं एकाच घोटात. शेळ्या पळतात, म्हशी मात्र ढिम्म हलत नाहीत. आपली सावली शेजारून धावत असते. ती जितकी जवळ, तितके तुम्ही खाली. ती अंगाला भिडू लागली की समजायचं, बाबा, पुरे.

या धुंदीत मी गायचो. आवाज बेसूर, पण तोंडावर मास्क असल्यामुळे जगाचं नुकसान नव्हतं. बहुतेक वेळा गणपतीची आरतीच म्हणायचो, कारण तिचा ठेका वेगाला बरोबर बसतो. एकदा रेडिओचं बटण चुकून दाबलेलं राहिलं. आरती संपली तेव्हा शेजारच्या विमानातला हरयाणाचा पोरगा अदबीनं म्हणाला, "सर, प्रसाद कब मिलेगा?"

भीती वाटायची का? वाटायची, पण नंतर. एका दुपारी वारा पूर्ण पडला होता. रेवदंड्यासमोरचा समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत झालेला. लाट नाही, फेस नाही, त्यामुळे पाणी नेमकं कुठं सुरू होतं तेच डोळ्यांना कळेना. मी मजेत होतो. आणि उंची सांगणारं यंत्र कानात किंचाळलं. हात माझ्याआधी हलला, विमान वर उठलं. मागच्या विमानातला पोरगा रेडिओवर आला. म्हणाला, "सर, तुमच्या मागं पाण्यावर रेघ उठली होती." तळावर उतरल्यावर मी तीन कप चहा प्यायलो आणि तिन्ही वेळा साखर घालायची विसरलो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला मन नाचत होतंच. असला हा धंदा.

आता मुख्य गोष्ट. ती साधारण दहा-अकरा वर्षांपूर्वीची.

आमचं गाव रेवदंड्यापासून जवळच. चार खाचरं भाताची आणि घरामागं नारळ-सुपारीची छोटी वाडी. वडील लवकर गेले, वाडी आईनंच सांभाळली. मी काय करतो हे गावात कोणाला नीट कळलेलं नव्हतं. बरेच जण मला दुबईच्या तिकिटात काही सवलत मिळेल का असं विचारायचे. आईची तर वेगळीच तक्रार. एकदा फोनवर म्हणाली, "त्या सुलभाचा पोरगा न्हावा शेव्याला क्रेन चालवतो. ती गेली, बघून आली, फोटो काढून आणलान. मोठी थोरली क्रेन! तुझं इमान कोणी बघितलंय? मी तरी बघितलंय काय?"

"आई, ते असं दाखवता येत नाही."

"मग काय उपयोग?"

क्रेनपुढं हरलो मी. त्यानंतर जे केलं त्याला माफी नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सरावाची वेळ ठरली आणि मी तिला फोन करून सांगितलं, "मंगळवारी दहाच्या सुमाराला मागच्या अंगणात उभी राहा. कोणाला सांगू नकोस."

तिनं कोणालाही सांगितलं नाही. फक्त सुलभाकाकूला सांगितलं.

मंगळवारी आकाश स्वच्छ. त्या दिवशी मी एकटाच होतो. किनारा जवळ आल्यावर ओसाड टेकाड समोर दिसत असताना मी डावीकडे कललो. दोन मिनिटांची वाकडी वाट. खाडीचं तोंड आलं, होड्या आल्या, मासे सुकवायला घातलेले बांबू चमकले, आणि पुढं आमच्या माडांचं टोपलं. माझा श्वास मास्कमध्ये मोठ्यानं वाजत होता. मी खाली गेलो. मग आणखी थोडा खाली. देऊळ, आमचं लाल कौल, अंगण, अंगणात हिरवं लुगडं! आणि तिच्या आजूबाजूला अख्खा गाव! मी ओरडलो, "आई, बघ!" ते "बघ" संपेपर्यंत गाव सहाशे मीटर मागं पडलं होतं. मी विमान वर उचललं, एक गिरकी घेतली आणि घाटापर्यंत वेड्यासारखा हसत गेलो. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे बायकोला माहीत आहे.

संध्याकाळी आईचा फोन. "बघितलं रे, बघितलं. केवढा आवाज! सुलभा तर खालीच बसली." तिचा आवाज थोडा बसका वाटला. मला वाटलं, रडली असेल आनंदानं.

बारा दिवस कोणाला काही कळलं नाही. तेराव्या दिवशी आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, कुरियन सरांनी, मला बोलावलं. सर केरळचे. बुटके, मिशाळ, आणि रागावले की आवाज आणखी हळू करणारे. टेबलावर एक पत्र, शेजारी कारकुनानं केलेलं त्याचं भाषांतर.

"कळस म्हणजे काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"देवळाचं टोक, सर."

"आणि खालून म्हणजे?"

"खालून म्हणजे... खालून, सर."

त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. ग्रामपंचायतीचा शिक्का. खाली सरपंच सुमनताईंची सही. 'आपल्या तळावरील आमच्या गावचे सुपुत्र दिनकर यांनी गेल्या मंगळवारी ग्रामदैवताच्या कळसाखालून विमान नेऊन ग्रामस्थांना दर्शन दिले, त्याबद्दल ग्रामपंचायत आपली ऋणी आहे. असेच सहकार्य पुढेही लाभावे ही विनंती. दिनकर यांचा सत्कार आयोजिला असून अध्यक्षस्थान आपण भूषवावे.'

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. नोकरी गेली, विमान गेलं, सगळं गेलं. पण 'असेच सहकार्य पुढेही लाभावे' या ओळीनं पोटातून हसूही उसळत होतं. दोन्ही एकदम दाबणं फार कठीण असतं.

"मी अध्यक्षस्थान भूषवणार," कुरियन सर म्हणाले. "चौकशीसाठी साक्षीदार तळावर बोलवायचे तर दोन महिने जातील. इथं ते सगळे एका मांडवात बसणार आहेत. तोपर्यंत तू विमानाला हात लावायचा नाहीस."

आम्ही दोघं गाडीनं घाट उतरलो. चार तासांत सर एकच वाक्य बोलले. पेणच्या पुढं वाड्या दिसू लागल्या तेव्हा म्हणाले, "तुमचे माड आमच्यापेक्षा बुटके."

मांडव देवळासमोरच होता. ताशा, फेटे, शाळेच्या मुली स्वागतगीताला उभ्या. सरांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी खिशातून लहानशी वही काढली, मांडीवर ठेवली आणि अत्यंत गोड हसून सगळ्यांना हिंदीत म्हणाले, "मुझे सब बताइए. सब कुछ."

गावाला एवढंच पाहिजे होतं.

सुमनताई म्हणाल्या, पंखाच्या वाऱ्यानं कळसावरचा झेंडा उलटा फडकला. रिक्षावाला संजय उठला, "ताई देवळाजवळ होत्या, त्यांना काय दिसणार? मी रस्त्यावर होतो. इमान विजेच्या तारेखालून गेलं. माझ्या रिक्षाचा आरसा फिरला!" सुलभाकाकू म्हणाल्या, दिन्यानं त्यांच्याकडे बघून हात हलवला. "दाढी केलेली नव्हतीन," असंही म्हणाल्या. शाळेतल्या एका मुलीनं सांगितलं, विमान आडवं होऊन दोन माडांच्या मधून गेलं. टाळ्या पडत होत्या. प्रत्येक साक्षीला विमान चार-पाच फूट खाली येत होतं. तास-दीड तास चाललं असतं तर मी विहिरीतून गेलो असतो. मी हिंदी करून सांगत होतो आणि सर मान डोलवून सगळं लिहून घेत होते. मधेच माझ्याकडे झुकून ते पुटपुटले, "हे सगळं खरं धरलं तर तू त्या मंगळवारी मेलास."

त्यांच्या मिशीखाली हसू होतं. माझा जीव भांड्यात पडू लागला. इतक्या थापा ऐकल्यावर खरं काय ते कोणालाच लिहिता येणार नव्हतं. थोडी झापाझापी होईल, एक-दोन आठवडे जमिनीवर बसवतील आणि सुटेन. मी आईकडे बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

सत्कारानंतर सर म्हणाले, "तुझं घर दाखव." आई आत पोहे करायला गेली. सर मागच्या अंगणात उभे राहून माडांकडे बघत राहिले. देऊळ, कौल, कळस यांतलं त्यांना काही कळत नसेल, पण माड कळत होता.

"हा अर्धाच साफ केलाय," ते कुंपणाजवळच्या सगळ्यात उंच माडाकडे बोट दाखवून म्हणाले. "एका बाजूच्या झावळ्या तोडल्या, दुसरीच्या तशाच. आमच्याकडे कोणी असं काम अर्धवट सोडत नाही. कोण चढला होता?"

मला माहीत नव्हतं. आई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिनं बश्या खाली ठेवल्या.

"परशू," ती म्हणाली. "मीच चढवला. झावळ्या आड येत व्हत्या. तुझं इमान नीट दिसावं म्हणून."

परशूदादा आमच्या शेजारच्या आळीतला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सगळ्या गावाचे नारळ तो पाडायचा. लहानपणी मला शहाळं पहिल्यांदा फोडून दिलं ते त्यानंच. सत्काराला तो मांडवात दिसला नव्हता, आणि मला ते लक्षातही आलं नव्हतं.

आम्ही त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. उजव्या मनगटाला प्लास्टर. छाती आणि दोन्ही दंडांची आतली बाजू सोलवटलेली. एवढ्या दिवसांत खपल्या धरल्या होत्या, त्यावर पिवळं मलम. माड कवटाळून माणूस वरपासून खालपर्यंत घसरत आला की असं होतं.

"ये दिनू," तो म्हणाला. "बस. साहेब, तुमी पण बसा."

सर बसले नाहीत. "क्या हुआ था?"

परशूदादानं माझ्याकडे बघून सांगितलं, मी सरांना हिंदीतून सांगत गेलो. "मी वरती व्हतो. चार झावळ्या तोडल्या. खाली सगळी म्हणाली, आलं, आलं. मी बघतोय त समोर इमान. आवाज न्हाय, काय न्हाय. नुसतं मोठं मोठं व्हत येतंय. डोक्यावरनं गेलं आन् मग आवाज आला. आवाज न्हाय, कोणी तरी दोन हातांनी ढकलला मला. कोयती सुटली. मग मी सुटलो. आर्ध्यात माड परत गावला, म्हनून हाय."

"किती वरून गेलं?" सरांनी विचारलं. वही हातात नव्हती.

"फूटबीट मला न्हाय कळत. पन त्याच्या पोटाखालचं खिळं दिसलं मला. रांगेनं मारल्यालं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. विमानाच्या पोटाखालचे रिव्हेट किती जवळून सुटे सुटे दिसतात हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. सगळ्या मांडवात खरं बोलणारा एकच माणूस, आणि तो मांडवात नव्हता.

"तक्रार लिहून द्यायची आहे?" सर म्हणाले.

"तक्रार कसली? घरचा पोर हाय." मग तो माझ्याकडे वळला. "फकस्त एक सांग दिनू. मी तुझं टोपडं बघितलं, काळी काच बघितली. तू मान वळवून आईला बघत व्हतास. मी तुला दिसलो काय?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. अशा वेळी काय बोलायला हवं होतं याच्या याद्या माणसं मागाहून करतात, मीही केल्यात. पण तिथं, त्या ओसरीवर, तोंडातून एवढंच आलं, "नाही, परशूदादा. दिसला नाहीस."

"व्हय," तो म्हणाला. "मला तसंच वाटलं." आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

परतताना घाटात कुरियन सर म्हणाले, "अहवाल तू लिही. उंची तूच लिही." मी रात्रभर नाही, दहा मिनिटांत लिहिला. खिळ्यांसकट. पुढं जे व्हायचं ते रीतसर झालं. सहा महिने जमिनीवर, प्रशिक्षक होण्याची संधी हुकली, बढती मागं पडली. आईला आधी फोन केल्याबद्दल वेगळा ठपका. सगळं योग्य होतं. सरांनी स्वतःहून एक शिक्षा जोडली. दर नव्या तुकडीला ही गोष्ट मीच सांगायची, आणि ग्रामपंचायतीचं पत्र वाचूनच सुरुवात करायची. पोरं पत्राला हसून हसून लोळायची. ओसरीपर्यंत आलो की मनगटाचं पुढं काय झालं ते विचारायची. सहा महिन्यांनी मला विमान परत मिळालं, मी पुन्हा खाली उडलो, पुन्हा आरत्या म्हटल्या. आनंद कमी झाला म्हणालो तर ते खोटं ठरेल. एवढंच की प्रत्येक माडाच्या शेंड्यावर मला माणूस दिसू लागला. असला तरी, नसला तरी.

परशूदादाचं मनगट थोडं वाकडंच बसलं. उंच माड त्यानं सोडले. आता तो जवान पोरांना खालून सांगतो, आणि खालून सांगण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मी नोकरी संपवून गावी आलो त्याला चार वर्षं झाली. मागच्या माघात एक दिवस मी त्याला म्हणालो, "मला शिकव चढायला."

"या वयात? कशाला?"

"शिकव तर."

त्यानं माझ्या पायांत काथ्याची दोरी अडकवली, छातीला गोणपाट बांधलं आणि एका मध्यम माडाशी उभं केलं. सुरुवात झोकात झाली. पंधरा फूट. वीस. आई खालून ओरडतेय, "दिन्या, उतर मेल्या!" तीस फुटांवर मी सहज खाली बघितलं आणि जग फिरलं. अगदी गरागरा. अंगण, विहीर, आई, सगळं एका बाजूनं वर यायला लागलं. ज्या उंचीवरून मी सेकंदाला अडीचशे मीटर वेगानं गाणी म्हणत गेलो, तिच्याहूनही कमी उंचीवर मी थांबलो होतो, आणि पुढचा पाय कुठं टाकायचा तेच कळेना. वाऱ्यानं माड हलत होता. त्या हलण्याची मला उभ्या आयुष्यात कल्पना नव्हती.

"परशूदादा! उतरव मला!"

"उतरवू कसा? तू काय पाळण्यात हायस?"

"तू त्या दिवशी किती वर होतास?"

"तू हायस त्याच्या दुप्पट," खालून आवाज आला.

मी वर बघितलं. मग डोळे मिटले, गाल सालीला टेकवला. आणि का कोण जाणे, हसू फुटलं. थांबेचना. डोळ्यांतून पाणी, अंगाला कापरं, त्यानं माड आणखी हलायला लागला, त्यानं आणखी हसू.

"हसू नको रे! हात सुटंल!" परशूदादा ओरडत होता, पण तोही हसत होता. मग त्याचा आवाज खाली आला, एकदम शांत. "ऐक. डोळं उघड. लांबचं बघू नको. समोरची साल बघ. आता डावा पाय. खाली. हां. आता उजवा. मी बघतोय तुला."

डावा पाय. उजवा पाय. मी तसाच उतरत आलो.